एका चौकटीत एकच अक्षर

वर्डमध्ये टेबल काढण्याच्या बाबतीत मालवण तालुक्यात माझा हात धरणारा माणूस नाही. हे मी गर्वाने सांगत नाही, माहिती म्हणून सांगतो. पाहिजे तर कट्टा गावच्या बाजारात कोणालाही विचारा. भजनी मंडळाच्या पाळ्या, जत्रेतल्या दुकानांच्या जागा, लग्नाच्या आमंत्रणाच्या याद्या, सगळं माझ्या टेबलांतून गेलेलं आहे. एका गृहस्थांनी तर भाऊबंदकीच्या वाटपाचा नकाशा माझ्याकडून वर्डमध्ये काढून नेला होता. तो कोर्टात टिकला नाही, पण त्याच्या रेघा सरळ होत्या हे समोरच्या वकिलानेही मान्य केलं.

मी मंगेश. आमच्या गावच्या वाचनालयाचा कार्यवाह, ग्रंथपाल आणि संगणक विभाग. संगणक एकच आहे, त्यामुळे विभागातला माणूसही एकच.

गेल्या जानेवारीत वाचनालयावर संकट आलं. आम्ही ज्या गाळ्यात होतो त्याच्या मालकाला तिथे मोबाइलचं दुकान काढायचं होतं. मार्चअखेर जागा खाली करा, असं त्याने गोड शब्दांत सांगितलं. साडेचार हजार पुस्तकं, तीन बाकं आणि एक संगणक घेऊन जायचं कुठे? अशा वेळी नर्मदाबाई धावून आल्या. बाई म्हणजे गावच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. त्यांचे यजमान आप्पा अकरा वर्षांपूर्वी गेले, मुलगा पुण्याला. मालवण रस्त्याला लागून त्यांच्या घराची पुढची मोठी खोली रिकामीच होती. ती वाचनालयाला कायमची द्यायचं बाईंनी तोंडी कबूल केलं होतं. कागद तेवढा व्हायचा बाकी होता.

कागद होईपर्यंत बाईंचं मन राखणं हे कमिटीचं कर्तव्य होतं. कमिटीत इतर माणसं नावापुरती. खरं काम बघणारे तिघेच: अध्यक्ष भिकाजीराव, सहकार्यवाह सुदेश आणि मी. भिकाजीराव पंचायत समितीतून निवृत्त झालेले, त्यामुळे कार्यालयीन मराठीत बोलतात आणि घाबरले की मालवणीवर येतात. सुदेश हा बाईंचा कुंपणापलीकडचा शेजारी. त्या दोघांनी मन राखायचं म्हणजे बाई दिसल्या की नमस्कार करायचा, इतकंच ठरवलं होतं. मी मात्र पुढचा विचार केला.

बाईंना शब्दकोड्याचा भारी नाद. पेपर आला की आधी कोडं, मग मथळे. पण दिवाळीनंतर त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि पेपरातल्या चौकटी त्यांना मुंगीच्या बिळाएवढ्या दिसू लागल्या. पेन एका चौकटीत टेकवलं की अक्षर शेजारणीकडे. बाईंनी कोडं सोडून दिलं आणि सकाळचा वेळ कसा घालवायचा ते त्यांना कळेना. हे त्यांनी मला सहज बोलून दाखवलं. मुलाने दिलेला लॅपटॉप त्यांच्याकडे होता, त्यावर त्या मुलाशी बोलायच्या, मेल करायच्या, मराठी टाइपही करायच्या. मी तिथल्या तिथे ठरवलं की बाईंसाठी वर्डमध्ये शब्दकोडं करायचं. चौकटी पेढ्याच्या बॉक्साएवढ्या. बाईंनी नुसतं चौकटीत क्लिक करायचं आणि अक्षर टाइप करायचं. कमिटीला आधी सांगायचं नाही, कारण आमच्या कमिटीला एखादी गोष्ट आधी सांगितली की तिची उपसमिती होते.

काम दिसायला सोपं वाटतं, पण नाही. टेबल काढलं, काळ्या चौकटी काळ्या केल्या, हे माझ्या डाव्या हाताचं. पण पांढऱ्या चौकटीत बाईंना लिहिता आलं पाहिजे आणि बाकी कुठे त्यांचा हात लागला तरी काही हलता कामा नये. त्यासाठी वर्डमध्ये डेव्हलपर नावाचा एक टॅब असतो. तो सहसा दडवून ठेवलेला असतो, आणि का ते मला आता कळतं. त्यातून प्रत्येक चौकटीत एकेक फॉर्म फील्ड बसवली. म्हणजे भरायची जागा. त्या जागेत किती अक्षरं मावावीत हेही ठरवता येतं. शब्दकोड्याचा नियम जगभर एकच: एका चौकटीत एक अक्षर. मी प्रत्येक ठिकाणी एकचा आकडा टाकला. एकसष्ट चौकटींत एकसष्ट वेळा. वर बाईंच्या नावासाठी एक लांब जागा ठेवली, तिला मर्यादा घातली नाही. शेवटी सगळी फाइल पासवर्ड लावून कुलूपबंद केली आणि पासवर्ड इतका अवघड ठेवला की कोणालाही सापडू नये. तो आजतागायत कोणालाही सापडलेला नाही. मी धरून.

मग चाचणी घेतली. न तपासता काम देणाऱ्यांपैकी मी नाही. आडव्या शब्दांत एक होता ‘फणस’. फ टाइप केला, बसला. ण बसला. स बसला. मी खुर्चीत मागे रेलून बसलो. आणखी एक युक्ती केली. प्रिंट काढताना चौकटी आणि सूचक वाक्यं गाळून फक्त भरलेला मजकूर छापायची सोय वर्डमध्ये असते. ती चालू केली. म्हणजे बाईंची उत्तरं कोऱ्या कागदावर येतील, तो कागद माझ्या उत्तरपत्रिकेवर ठेवून उजेडात धरला की झाली तपासणी.

ही झाली मंगळवारची गोष्ट. मंगळवारी संध्याकाळी मी कोडं बाईंना मेल केलं.

त्याच्या आदल्या दिवशी कमिटीने बाईंना एक स्मरणपत्र पाठवलं होतं, तेही इथेच सांगून ठेवतो. मजकूर भिकाजीरावांचा, टायपिंग माझं. गाळामालकाची मुदत जवळ आली होती, म्हणून कागदपत्राची तारीख कळवावी, इतकंच त्यात होतं. पत्र सुदेशने कुंपणावरून हातात दिलं.

बुधवारी संध्याकाळी पाच वाजता बाईंचा मेल आला. मला साडेपाचच्या बसने मालवणला बहिणीकडे जायचं होतं, भाच्याचा साखरपुडा होता. खाली फाइल जोडलेली दिसली. वरचा मजकूर वाचत बसलो नाही. फाइलच्या नावावर उजवं बटण दाबून थेट प्रिंट दिली, प्रिंटर घरघरायला लागला, तेवढ्यात लाइट गेली की राहिली तेही न बघता मी पिशवी उचलून स्टँडकडे धावलो. कागद प्रिंटरच्या तोंडात तसाच राहिला. लाइट गेली होती, असं नंतर कळलं. पण कागद बाहेर पडल्यावर गेली होती.

सहाच्या सुमाराला भिकाजीराव आणि सुदेश पेपर चाळायला वाचनालयात आले. संगणक बंद. प्रिंटरमध्ये एक कागद. भिकाजीरावांनी तो दाराकडच्या उजेडात नेऊन वाचला. वर लिहिलं होतं, नर्मदा. खाली, मोठाल्या अक्षरांत, एकाखाली एक:

हड
चल
पळ
परत
जळ
फणस
मर

मला फोन आला तेव्हा मी बहिणीच्या अंगणात मांडव बांधणाऱ्यांवर देखरेख करत होतो. रेंज एक काडी. भिकाजीराव म्हणाले, “मंगेश, आपल्या पत्राला बाईंचं उत्तर प्राप्त झालेलं आहे.” मी म्हटलं, वाचून दाखवा. ते म्हणाले की ते वाचण्यासारखं नाही. मी आग्रह केल्यावर त्यांनी आवाज खाली आणून, दोन शब्दांमध्ये पुरेसा वेळ सोडून वाचलं. हड. चल. पळ. जळ. मर. मधले दोन शब्द त्यांनी गाळले होते, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

मी कागदाचा फोटो पाठवायला सांगितलं. असल्या गोष्टींचे फोटो काढायचे नसतात, असं ते म्हणाले.

आता तुम्ही म्हणाल, कोडं तू केलेलं, उत्तरं तुला पाठ, मग तुझ्या डोक्यात प्रकाश कसा पडला नाही? माझ्या डोक्यात होती ती होडी, चूल, पोळी, जाळे आणि मोर. साध्या, निरुपद्रवी वस्तू. त्यांतली एकही कधी कोणाला मर म्हणालेली नाही. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला कोडं आठवलंच नाही. मला आठवलं ते स्मरणपत्र. त्यातलं एक वाक्य. ‘आपल्याकडे वेळ फार थोडा उरला आहे, तरी लवकरात लवकर निर्णय घ्यावा.’ गाळ्याच्या मुदतीबद्दल होतं ते. पण नुकतंच ऑपरेशन झालेल्या, पंचाहत्तरी उलटलेल्या बाईंनी ते वाचलं असेल तर त्यांना गाळा आठवला असेल का? टाइप करताना मला हे खटकलं होतं. भिकाजीरावांना सांगावं असंही वाटलं होतं. पण समासाचं माप जुळत आलं होतं, म्हणून गप्प बसलो.

साखरपुड्यात मी काय जेवलो ते मला आठवत नाही.

गुरुवारी सकाळच्या पहिल्या बसने परतलो तो थेट बाईंच्या बेड्याशी, म्हणजे कुंपणाच्या फाटकाशी. दोघे आधीच येऊन थांबले होते. भिकाजीरावांच्या हातात केळ्यांचा घड, सुदेशच्या हातात नारळ. माफी मागायला आलोय की बारशाला, ते कळत नव्हतं. एरवी आमची तिघांची बडबड थांबत नाही, पण त्या दिवशी कोणी कोणाच्या डोळ्याला डोळा देईना. भिकाजीरावांनी एवढंच ठरवलं की आधी ते बोलतील, मग सुदेश, मग मी. क्रम पदांप्रमाणे. माझं पद सुदेशच्या वरचं आहे, पण ती वेळ वाद घालायची नव्हती.

बाई पडवीत खुर्चीवर बसल्या होत्या. समोर स्टुलावर लॅपटॉप. आम्हाला बघून त्या हसल्या, म्हणजे चांगल्या मोकळेपणाने हसल्या, आणि मला म्हणाल्या, “मंगेश, तू बरो इलंस. माका तुका विचारूचाच होता.”

ते हसणं बघून भिकाजीराव एक पाऊल मागे सरले. पुढे मला म्हणाले की रागावलेला माणूस एक वेळ परवडतो, पण अशी लेखी शिवी देऊन वर हसणारा नाही. त्यांनी केळी जमिनीवर ठेवली, हात जोडले आणि सुरुवात केली. नेमक्या त्याच वेळी माझं लक्ष लॅपटॉपकडे गेलं. पडद्यावर माझंच कोडं उघडं होतं. आडवा एक, सूचक वाक्य, ‘समुद्रावर चालते, रस्त्यावर नाही’. पुढे दोन चौकटी. एकीत ह. दुसरीत ड.

तेव्हा मला कळलं. आपल्या लेखी ‘हो’ हे एक अक्षर. संगणकाच्या लेखी ती दोन: ह एक, त्याच्यावरचा काना-मात्रा दुसरं. मी प्रत्येक चौकटीच्या दारावर एकचा पहारा बसवला होता. ह आत गेला आणि मात्रा बाहेर उभी राहिली. होडीची हड झाली होती. पोळीचं पळ, परातीचं परत, जाळ्याचं जळ, मोराचं मर. चुलीचं चल. चाचणीला मी घेतला होता फणस, ज्याला ना काना ना मात्रा.

बाई रागावलेल्या नव्हत्याच. कशावरही नाही.

मी भिकाजीरावांची बाही ओढली. त्यांना वाटलं मी धीर देतोय. मी पुन्हा ओढली. त्यांना वाटलं, आणखी स्पष्ट सांगा म्हणतोय. त्यांनी डोळे मिटले आणि मालवणीवर आले. “बाई, परत म्हणून लिवलास, माका समाजला. वही माझ्याकडे आसा. अकरा वर्सा.”

ती वही कोणती हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, कारण एके काळी सगळ्या गावाने ती शोधली होती. आप्पांनी आयुष्यभर मालवणी शब्द गोळा केले होते. लाल पुठ्ठ्याच्या जाड वहीत, अर्थासकट. होड्यांच्या भागांची नावं, माशांची नावं, शिव्यासुद्धा, त्या शेवटच्या पानांवर. भिकाजीरावांनी एका भाषणासाठी ती आप्पांकडून दोन दिवस वाचायला नेली. तिसऱ्या दिवशी आप्पा गेले. सुतकात वही कशी परत द्यायची, म्हणून ते थांबले. मग तेरावा होऊ दे म्हणाले. मग महिना झाला, आणि आता दिली तर इतके दिवस का दिली नाही असं बाई विचारतील. वर्ष झाल्यावर ते विचारणं आणखी अवघड झालं. आणि दर वर्षी ते थोडं थोडं अवघड होत गेलं.

हे सगळं त्यांनी केळ्यांकडे बघत सांगितलं. मी मध्ये दोनदा “अध्यक्ष” म्हणालो. त्यांनी हाताने मला थांबवलं.

बाई काही बोलायच्या आत सुदेशला राहवलं नाही. त्याची पाळी आली असं त्याला वाटलं. त्याने नारळ पुढे केला आणि सांगून टाकलं की गेली दोन वर्षं मागच्या बाजूचे फणस तोच नेतोय. फांदी कुंपणावरून आपल्या बाजूला येते, म्हणून पहिल्यांदा एक नेला, मग जिभेला सवय झाली. बाईंनी हे कसं ओळखलं ते मात्र त्याला कळलं नव्हतं.

बाईंनी ओळखलंच नव्हतं. फणस माकडं नेतात अशी त्यांची समजूत होती. माकडांच्या बंदोबस्तासाठी त्यांनी दोन वर्षांत वनखात्याकडे तीन अर्ज केले होते. एकदा दोन माणसं येऊन झाडाखाली उभी राहून, फोटो काढून गेली होती. तिन्ही अर्जांवर साक्षीदार म्हणून शेजाऱ्याची सही होती. सुदेशची.

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. माझ्या मनात एकच हिशेब चालला होता. आम्ही बेड्यातून आत आलो तेव्हा खोली आमची होती. पाच मिनिटांत आमच्यापैकी दोघांनी ती घालवली होती, तेही कोणी न विचारता.

बाई आवाज चढवत नाहीत. शाळेतही चढवायच्या नाहीत. त्या भिकाजीरावांकडे बघत म्हणाल्या, “त्या वहीच्या पायी मी तुळसाक चोर म्हटलंय.”

तुळसा त्यांच्याकडे घरकामाला होती. वही नाहीशी झाली त्याच आठवड्यात तिने माडीवरची रद्दी काढली होती. वही तिने रद्दीत घातली नाही तर चुलीत, असं बाईंनी धरलं, आणि आप्पांच्या दुःखात चार माणसांसमोर ते बोलून गेल्या. तुळसा हातातली केरसुणी ठेवून चालती झाली. तिचं घर बाईंच्या घरापासून एका पाणंदीच्या अंतरावर. अकरा वर्षं दोघी त्याच पाणंदीतून जात होत्या आणि एकमेकींकडे बघत नव्हत्या.

भिकाजीराव खाली बसले. खुर्ची होती, पण ते जमिनीवर बसले.

मग बाईंनी आम्हाला विचारलं की तुम्ही मुळात आलात कशाला. मी सांगितलं. फॉर्म फील्ड, एकचा आकडा, मजकूर तेवढाच छापायची सोय, सगळं. भिकाजीरावांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून पुढे केला. बाईंनी तो लांब धरून वाचला. त्यांच्या तोंडावरची एक रेघही हलली नाही, पण मला वाटतं, ‘मर’पाशी पोचल्यावर त्यांना हसू आवरायला त्रास झाला असावा. त्या मला म्हणाल्या, “मेल वाचलंस नाय?”

त्यांनी मेल उघडून दाखवला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: ‘मंगेश, कोडे छान आहे. पण चौकटीत काना, मात्रा, वेलांटी काहीच बसत नाही. सध्या सुरुवातीचे आडवे शब्द बिनमात्र्यांचे भरून पाठवते. दुरुस्त करून दे.’ तीन ओळी. वाचायला मला दहा सेकंद लागले असते आणि बस तर त्या दिवशी वीस मिनिटं उशिरा आली होती.

“आणि आमचं पत्र?” सुदेशने विचारलं. त्याला वाटलं, विषय बदलेल.

बाईंनी पंचांगाखालून पाकीट काढलं. ते अजून फोडलेलंही नव्हतं. बारीक अक्षरात असणार, डोळ्यांना त्रास नको, म्हणून त्यांनी ठेवून दिलं होतं. ते त्यांनी माझ्या हातात दिलं आणि वाचून दाखवायला सांगितलं. मी म्हटलं, त्यात विशेष काही नाही. त्या म्हणाल्या, तरी वाच. मी वाचलं. त्या वाक्यापाशी आल्यावर आवाज बारीक केला. बाईंनी मोठ्याने वाच म्हणून सांगितलं, अगदी शाळेत सांगायच्या तसं, आणि मी उभा राहून मोठ्याने वाचलं की आपल्याकडे वेळ फार थोडा उरला आहे.

बाईंनी पत्र माझ्या हातातून घेऊन पंचांगाखाली ठेवलं. मग म्हणाल्या, “खरा लिवलंस. मगे बसलात कित्याक? भिकाजी, ऊठ. वही घेवन ये.”

भिकाजीराव अर्ध्या तासात वही घेऊन आले. इतकी वर्षं ती त्यांनी कपाटात, लोकरी शालीत गुंडाळून ठेवली होती. बाईंनी ती उघडली नाही. माझ्या हातात दिली, काठी घेतली आणि पाणंदीत उतरल्या. मी मागून. मला बरोबर का घेतलं ते मी विचारलं नाही. बहुधा वही उचलायला.

तुळसा खळं, म्हणजे दारातलं अंगण, सारवत होती. आम्ही पुढ्यात जाऊन उभे राहिलो तरी तिने हात थांबवला नाही. बाईंनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. शेवटी त्या म्हणाल्या, “तुळसा, वही गावली गो. भिकाजीकडे होती. माझा चुकला.”

तुळसाने शेवटचा हात फिरवला, शेणाचे हात बादलीत धुतले, आणि उठून उभी राहिली. ती म्हणाली, “माका ठावक होता मी घेवक नाय ता. तुमकाच ठावक नव्हता.”

बाईंनी मान हलवली. मी वही छातीशी धरून कुंपणाकडे बघत होतो. तुळसाने एकदा वहीकडे बघितलं, एकदा बाईंच्या काठीकडे. काठी तिने पहिल्यांदाच इतक्या जवळून बघितली असावी. मग ती म्हणाली, “सारवलेल्यात पाय घालू नकात. हयसून येवा. चाय ठेवतंय.”

मला कोणी चहाला थांब म्हटलं नाही. मी वही ओट्यावर ठेवून परत आलो.

खोली आम्हाला मिळाली. पण बाईंनी कागदात एक अट घातली. खोलीची किल्ली वाचनालयाच्या नोकरीवर राहून तुळसाने सांभाळायची, उघडायचं आणि बंद करायचं तिने. अध्यक्षांनी ती अट वाचूनसुद्धा न बघता मान्य केली. तेव्हापासून किल्ली तुळसाच्या कमरेला असते. ती नऊला दार उघडते. सव्वानऊपर्यंत लादी वाळते. तोवर कार्यवाह, ग्रंथपाल आणि संगणक विभाग बाहेर पायरीवर बसतो. सुदेशने कुंपणावरची फांदी स्वतः बांधून बाईंच्या बाजूला वळवून दिली, आणि माकडांचा चौथा अर्ज बाईंनी केला नाही.

खरं तर इथेच सगळं गोड झालं होतं आणि मी गप्प बसायला हवं होतं. पण एप्रिलमध्ये नव्या जागेचं उद्घाटन ठरलं आणि चूक सुधारून दाखवावी असं मला वाटलं. पासवर्ड आठवेना, म्हणून कोडं पुन्हा पहिल्यापासून केलं. या वेळी चौकटीत किती अक्षरं मावावीत त्याचं बंधनच काढून टाकलं. कितीही मावू देत. एकसष्टच्या एकसष्ट चौकटी मोकळ्या. ‘होडी’ घालून बघितली, झकास बसली. ‘जाळे’ बसलं. ‘मोर’ तर मी दोनदा बसवला.

उद्घाटनाला पंचक्रोशीतली माणसं आली होती. भिंतीवर पडदा लावून कोडं मोठं करून दाखवलं आणि पहिला शब्द भरण्याचा मान अध्यक्षांना दिला. भिकाजीरावांना संगणकाची सवय नाही. कोडं कसं भरतात हे त्यांना मी सांगितलं नाही, त्यांना माहीत असेल असं धरलं. ते खुर्चीवर बसले, पहिल्या चौकटीत क्लिक केलं आणि आपल्या भाषणाचा कागद समोर ठेवून तो टाइप करायला लागले. ‘माननीय नर्मदाबाई, उपस्थित ग्रामस्थ बंधू आणि भगिनींनो’ इथपर्यंत ती एक चौकट फुगत फुगत पानाच्या कडेला टेकली. ‘आज आपल्या वाचनालयाच्या’ इथे बाकीच्या साठ चौकटी दुसऱ्या पानावर गेल्या. भिकाजीराव एका बोटाने टाइप करतात. सगळं भाषण व्हायला पस्तीस मिनिटं लागली आणि ती माणसं बिचारी पडद्याकडे बघत बसली होती. तुळसाने मध्येच चहा फिरवला. बाई पहिल्या रांगेत होत्या. त्या शेवटपर्यंत भिकाजीरावांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मोठ्याने सांगत होत्या आणि ते मागे जाऊन सुधारत होते.

त्यानंतरच्या सभेत एक ठराव आला. यापुढे कार्यवाहांनी वाचनालयाच्या संगणकावर नोटिसांखेरीज काहीही करू नये, आणि नोटीसही बाईंनी वाचल्याशिवाय लावू नये. सूचक, भिकाजीराव. अनुमोदन कोण देतं असं विचारलं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माणसं भली आहेत, कोणाचाच हात वर होईना. शेवटी सभा खोळंबायला नको, म्हणून तो मीच वर केला.